देवीचा दोन बाय तीन फुटी इतिहास

शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाईला कोणीही काहीही लिहायला सांगतं. पहिल्याच वर्षी मी दोन लग्नपत्रिका, एक सत्कारपत्र आणि कॉलनीच्या कोपऱ्यावर कचरा टाकू नये म्हणून एक कडक सूचना लिहून दिली होती. सूचनेचा काही उपयोग झाला नाही, पण माझं नाव झालं. त्यामुळे त्या उन्हाळ्यात सासरच्या गावाहून देवीच्या मंदिराच्या अध्यक्षांचा फोन आला, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

“मॅडम, मंदिराचं काम काढलं आपण. टाइल्स बसवून राहिलो. नवा सभामंडप होऊन राहिला. दाराजवळ ग्रॅनाइटचा एक फलक लावाचा हाय. त्याच्यावर देवीचा इतिहास पाहिजे. तुमच्याबिगर कोण लिहीन?”

“किती मोठा लिहायचा?”

“दोन बाय तीन फूट.”

मी जन्मभर पोरींना दहा ओळींत सांगा, शंभर शब्दांत सांगा असं विचारत आले. फुटांच्या मापात कधी काही लिहिलं नव्हतं. पण हो म्हटलं.

आमचं गाव चांदूर बाजारच्या पुढे, पूर्णेपासून थोडं आत. माझं माहेर अमरावतीचं आणि नोकरीही अमरावतीलाच झाली. त्यामुळे लग्नाला एवढी वर्षं झाली तरी गावात मी पाहुणीच. गावाकडचं घर, शेत, संत्र्याचा बगीचा, सगळं माझ्या थोरल्या जावेनं आणि भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी सांभाळलं. जावेला मी ताई म्हणते. ताई सातवीपर्यंत शिकलेल्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, बोलण्यात एकदम सडेतोड, आणि आमच्याकडच्या बायांसारखं ‘मी करतो, मी जातो’ असं बोलणाऱ्या. त्यांच्यापुढे आमचा अख्खा शिक्षकवृंद गप्प बसला असता.

मी बसमधून उतरून घरी पोचले तेव्हा ताई अंगणात वाळवण पाहत होत्या. मी कशासाठी आले ते सांगितलं.

“इतिहास?” त्या म्हणाल्या. “देवीचा? तिले इचारलं काय?”

“ताई, गावातल्या जुन्या लोकांना विचारणार आहे.”

“इचार बाप्पा. जितके तोंडं तितक्या देव्या निघतीन.”

तसंच झालं. दोन दिवस मी वही घेऊन गावात फिरले. एका घरी कळलं की देवी पांडवांनी स्थापन केली. दुसऱ्या घरी कळलं की नांगरताना बैल जागेवर थांबला, पाय हलवेना, तिथं खणलं तर देवी निघाली. तिसरीकडे रुक्मिणी निघाली. आमच्याकडे तिच्याशिवाय भागत नाही. कौंडिण्यपूर तिचं माहेर, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून तिला कृष्णानं नेलं असं सगळे सांगतात. तेव्हा या पट्ट्यातल्या प्रत्येक देवीकडे रुक्मिणी एकदा तरी पाणी प्यायला थांबलेलीच असते. आमच्याकडेही थांबली होती. रथ मात्र चांदूरच्या दिशेनं कसा आला, हे मी विचारलं नाही.

मूर्ती पाहून काही कळेल म्हणावं तर तेही नाही. आमची देवी म्हणजे शेंदराचा एक भलामोठा गोळा. त्यावर चांदीचे दोन डोळे, एक नथ आणि वरून लुगडं. किती पिढ्यांनी शेंदूर चढवला कोण जाणे. आत काय आहे ते हयात माणसांपैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. तरी घरोघरी तिचा फोटो होता. चांदूरच्या एका स्टुडिओवाल्यानं कधीतरी करून दिलेला: आठ हात, वाघावर बसलेली, मागे आमच्या देवळाचा कळस. लोक फोटोकडे बोट दाखवून म्हणत, “हे पहा, अष्टभुजा.”

एका गोष्टीवर मात्र सगळ्या गावाचं एकमत होतं. आमच्या देवीला सगळं दोन लागतं. दोन नारळ, दोन खण, दोन दिवे. एकच खण घेऊन कोणी आलं तर गुरव दारातूनच परत पाठवतो. आणि बाईनं एकटीनं गाभाऱ्यात जायचं नाही. दुसऱ्या बाईला सोबत घ्यायचं. बाकी महाराष्ट्रात जोडीनं पूजेला बसायचं म्हणजे नवरा-बायकोनं. आमच्या गावात जोडीनं म्हणजे दोघी बायांनी. सासू-सून, मायलेकी, जावा-जावा, शेजारणी, कोणीही चालतं. नवरे बाहेर चपला सांभाळतात.

माझ्या लग्नानंतर पाचव्या दिवशी मला ताईंनीच नेलं होतं. मी एम. ए., बी. एड. होऊन आलेले. गाभाऱ्यात वाकून शिरताना डोक्यावरचा पदर सावरता सावरेना, त्यात घाम. ताईंनी माझा हात पकडला आणि कानाशी म्हणाल्या, “हे पाह्य, इथं आपल्यासाठी काही मांगाचं नसते. मी तुह्यासाठी मांगतो, तू माह्यासाठी मांग. अन् काय मांगतलं थे सांगाचं नाई.” मग त्यांनी डोळे मिटले. मीही मिटले.

अशी ही देवी, असे तिचे नियम. सगळं का, हे मात्र कोणालाच सांगता येईना. दोन खण का? एक म्हणाली, दुसरा देवीच्या बहिणीचा. दुसरी म्हणाली, छे, जावेचा. गुरव म्हणाले, “अमरावतीले नाही का, अंबादेवीच्या बाजूले एकवीरा हाय? लोक दोघींचं दर्शन घेतात. तसंच काही असन.” गुरव साठीचे, शांत माणूस. आपल्या आजोबांनाही त्यांनी हेच विचारलं होतं आणि आजोबांनी “करत जा” एवढंच सांगितलं होतं.

वही भरली, पण हाती काही लागलं नाही. मग मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेले. कॉलेजात माझ्या वर्गात असलेले एक गृहस्थ तिथं इतिहासाचे प्राध्यापक होते, आता निवृत्त. मूळचे पातूरचे. शाळा बुडवून तिथल्या लेण्यांत जाऊन बसायचे आणि त्यातूनच इतिहासाचं वेड लागलं, असं ते स्वतःच सांगत. त्यांच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती आणि पुढे ताजी फुलं. देवीच्या चौकशीसाठी यांच्याकडे यावं की नाही, असं मला क्षणभर वाटून गेलं. ते त्यांनी ओळखलं असावं.

“दगडाची आहे ना?” ते हसून म्हणाले. “मग माझ्याच खात्यात आली.”

मी मोबाइलवरचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि मोबाइल परत दिला.

“हा शेंदूर आहे. शेंदराखाली काय आहे ते मी कसं सांगू? तुम्ही एक करा. लोक काय सांगतात ते एका कागदावर लिहा, आणि लोक काय करतात ते दुसऱ्या कागदावर. पहिला कागद दर पिढीला बदलतो. दुसरा सहसा बदलत नाही.”

त्यांच्या बायकोनं तोवर भज्यांची ताटली आणली होती, त्यामुळे इतिहासाचा विषय तिथंच संपला. परतीच्या गाडीत मी दोन कागद केले. पहिल्यावर पांडव, बैल, रुक्मिणी, वाघ. दुसऱ्यावर दोन खण, दोघी बाया, दुसरीसाठी मागणं.

अध्यक्षांना दोन्ही वाचून दाखवले. अध्यक्षांचं गावात कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. माणूस उमदा, पण प्रत्येक गोष्टीचं पाकीट आकर्षक पाहिजे असं त्यांचं मत. दुसरा कागद त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारला.

“हे तं सगळ्यायले मालूमच हाय, मॅडम. हे काय लिहाचं? बाहेरगावचा माणूस येईन, त्याले वाटलं पाहिजे, वा! वाघ टाका. आठ हात टाका. रुक्मिणी वरच्या ओळीत घ्या.”

मी टाकलं. आता खरं सांगायला हरकत नाही, मला ते लिहिताना मजाही आली. ‘व्याघ्रारूढ’, ‘अष्टभुजा’, ‘जाज्वल्य’ असे शब्द इतकी वर्षं फक्त शुद्धलेखनाला घातले होते, ते एकदाचे वापरायला मिळाले. अमरावतीच्या कारागिरानं काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत सगळं कोरून दिलं. श्रावण संपता संपता फलक गावात पोचला आणि सभामंडपाच्या भिंतीला टेकवून ठेवला गेला. नवरात्राला उद्घाटन ठरलं.

आणि भाद्रपदात एके दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. त्या फोनवर नेहमी ओरडून बोलतात. त्या दिवशी आवाज अगदी खाली होता.

“देवीनं कवच टाकलं वं. तू ये.”

मी आणि आमचे हे लगेच निघालो. दोन तासांत पोचलो, तर देवळाच्या टेकाडावर सारं गाव. गुरव पायरीवर बसून रडत होते. झालं असं की आदल्या दिवशी गाभाऱ्याबाहेर फरशी कापायचं मशीन चाललं होतं. त्यानं हादरे बसले असतील, किंवा शेंदूरच आता स्वतःचं वजन पेलेनासा झाला असेल. सकाळी गुरव तेल-शेंदूर लावायला गेले, हात लावला, आणि सुपाएवढा तुकडा त्यांच्या पायाशी पडला. मग दुसरा. मग सगळंच. वीतभर जाडीचं ते कवच जुन्या भिंतीचा पोपडा सुटावा तसं सुटून खाली आलं. माणूस घाबरून बाहेर पळाला. आपल्याच हातून देवी भंगली, असं त्यांना वाटलं होतं.

“मी काही नाई केलं,” ते एकसारखे म्हणत होते. “नुसता हात लावला.”

ताई त्यांच्याजवळ बसून होत्या. “अहो दादा, साप कात टाकते, झाड पानं टाकते. तिनं टाकलं. तुमच्यानं काय होते?”

आत जायला कोणी तयार नव्हतं. शेवटी ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि उठल्या. आम्ही दोघी आत शिरलो.

काळा दगड. शेंदराचे डाग अजून इकडेतिकडे चिकटलेले. वाघ नव्हता. आठ हात नव्हते. गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या दोन बाया होत्या. चेहरे झिजलेले, पण नाकडोळ्यांची खूण दिसत होती. एक जरा उंच, एक जरा बुटकी. उंच बाईचा एक हात दुसरीच्या खांद्यावर होता. दोघींच्या मध्ये एक भांडं होतं, घागर असेल किंवा कलश. बस्स.

  मग ताई मोठ्यानं, बाहेरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मंग! म्हणून दोन खण!”

 तो दुसरा कागद माझ्या पर्समध्ये अजून होता.

मग सगळे आत येऊन पाहून गेले, बाया दोघी-दोघींनी. बाया पाहून हसत बाहेर येत, पुरुष गोंधळून. अध्यक्ष सगळ्यात शेवटी गेले. बाहेर आले ते थेट फलकासमोर जाऊन उभे राहिले. सोनेरी अक्षरांत वाघ चमकत होता.

“मॅडम,” ते म्हणाले, “आता वाघ कुठून आणाचा?”

अकोल्याचे प्राध्यापक दुसऱ्या दिवशी स्वतः आले. विजेरी लावून, गुडघ्यांवर बसून त्यांनी तासभर मूर्ती पाहिली. सगळं गाव निकालाची वाट पाहत मंडपात बसलेलं. ते बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, “मूर्ती जुनी आहे. बरीच जुनी. मातृकांचा, म्हणजे ओळीनं बसलेल्या मातृदेवतांचा एखादा मोठा पट असेल आणि त्यातला हा तुकडा उरला असेल, असं होऊ शकतं. किंवा मुळातच दोघी असतील. नक्की कोण, हे मला सांगता येत नाही. कोणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.”

लोकांना हे मुळीच आवडलं नाही. एवढा शिकलेला माणूस एवढ्या लांबून येतो आणि माहीत नाही म्हणतो! पण मला वाटतं, त्या दिवशी त्यांच्याइतका आदर देवीला कोणी दिला नाही.

दोन दिवसांनी मंडपात बैठक झाली. अध्यक्षांनी प्रस्ताव मांडला की संगमरवरी अष्टभुजा मूर्ती आणू, समोर बसवू, आणि ही जुनी मूर्ती मागे राहील, तिचीही पूजा होईल. त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. पंचक्रोशीतले लोक अष्टभुजा म्हणून येतात, नवस करतात, त्यांना काय सांगायचं? आजवर चुकीचं सांगत होतो, असं सांगायचं? पुरुषमंडळींतल्या बऱ्याच माना हलल्या. कोणी म्हणालं, लोक हसतील. कोणी म्हणालं, फलकही वाया जाणार नाही.

बाया मंडपाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. ताई उठून उभ्या राहिल्या. बैठकीत बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. पदर कमरेला खोचलेला, जणू अंगण झाडायला निघाल्या आहेत.

“अध्यक्षसाहेब, मी एक इचारतो. तुमच्या आठ हातवालीपुढं आमी किती खण द्याचे?”

अध्यक्षांनी शेजारच्याकडे पाहिलं.

“अन् दोघी दोघी काहून जाव? एक देवी, एक बाई, पुरते ना?”

“तशी काही जबरदस्ती नाई, काकू,” अध्यक्ष म्हणाले. “ज्याची त्याची श्रद्धा.”

“नाई कशी? सांगतो ना तुमाले.” आणि त्यांनी सगळ्या गावासमोर माझ्याकडे बोट दाखवलं. “हे आमच्या घरी सून म्हणून आली तवा एवढी शिकलेली. घरात सगळे म्हणत, नोकरी कराची नाई. मी इले देवीपाशी नेलं. सांगाचं नसते, पण आज सांगतो. मी म्हटलं, माय, इले नोकरी लागू दे. शिकली पोट्टी चुलीत नको जाऊ देऊ. सालभरात लागली बाप्पा. अन् गेली अमरावतीले! सासू, सासरे, गोठा, बगीचा, सगळं माह्या डोक्षावर टाकून!”

मंडप हसला. मी हसू शकले नाही.

“तरी मले कधी पस्तावा नाई आला,” ताई म्हणाल्या. “काहून की मी माह्यासाठी मांगतलं नव्हतं. आपल्यासाठी मांगतलं अन् नाई भेटलं तं माणूस देवीवर रुसते. दुसरीसाठी मांगतलं तं रुसाले जागाच नाई. हे या दोघींनी शिकवलं. अन् तुमी म्हणता त्यायले मागं बसवा.”

त्या बसल्या. मग बायांच्या बाजूनं एकेक आवाज निघू लागला. कोणी आपल्या सुनेसाठी मागितलं होतं, कोणी सासूसाठी, कोणी भांडण झालेल्या शेजारणीसाठी. नियम असा की सांगायचं नाही, म्हणून वर्षानुवर्षं पोटात ठेवलेलं सगळं त्या दुपारी बाहेर आलं. एक म्हातारी तर दुसरीला म्हणाली, “म्हंजे तुह्या बवासिराचं म्या मांगतलं अन् तू माह्यासाठी नुसता जावई मांगतला?” पुन्हा हशा. अध्यक्षांनी दोन्ही हात वर केले. संगमरवराचा विषय तिथंच मिटला.

घरी परतताना मी आणि ताई मागे राहिलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर चांगली कमरेएवढी झाली होती.  शाळेत निरोप समारंभाला तासभर बोलले होते, त्यात मुख्याध्यापिकांचे आभार मानले, शिपायांचे मानले. जिच्यामुळे मी शाळेचं दार पाहिलं तिचं नावही त्या भाषणात नव्हतं. आता देवीमुळे नोकरी लागली की आणखी कशामुळे, ते बाजूला ठेवू. पण ज्या घरात सगळे नाही म्हणत होते, तिथं सासूबाई अचानक कशा तयार झाल्या, हे मला कधीच उमगलं नव्हतं. मी विचारलं.

“त्यायले म्या सांगतलं,” ताई म्हणाल्या. “कामाचं मी पाह्यतो, म्हटलं, तिले जाऊ द्या. देवी काय, अर्धं करते. अर्धं आपल्यालेच करा लागते.”

मी रस्त्यातच थांबले. “ताई, एक सांगू? त्या दिवशी गाभाऱ्यात मी तुमच्यासाठी काहीच मागितलं नाही. मला काही सुचलंच नाही. मी नुसते डोळे मिटून उभी होते. घाम येत होता आणि कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं.”

त्या इतक्या जोरात हसल्या की बांधावरचा एक बगळा उडाला.

“मले मालूम होतं. तुह्या तोंडावरच दिसत होतं. मी म्हटलं, पोट्टी नवी हाय, जाऊ दे.”

दुसऱ्या दिवशी मी जाण्यापूर्वी आम्ही दोघी पुन्हा देवीकडे गेलो. या वेळी मी मागितलं. काय, ते सांगत नाही.

राहता राहिला फलक. एवढा मोठा ग्रॅनाइट फेकून देणं कोणालाच पटेना. मग अध्यक्षांनाच सुचलं की पाठीमागची बाजू कोरी आहे. ते फोनवर म्हणाले, “मॅडम, दुसरा कागद हाय का तुमच्यापाशी?” होता. मी तो पुन्हा लिहून काढला. सुरुवातीलाच लिहिलं, ‘या दोघी कोण, हे आम्हांला माहीत नाही.’ अध्यक्ष थोडे चुळबुळले. ग्रॅनाइटवर ‘माहीत नाही’ कोरलेलं त्यांनी आजवर कुठं पाहिलं नव्हतं. मीही पाहिलेलं नव्हतं. पण प्राध्यापकांना मजकूर वाचून दाखवला तर ते म्हणाले, “पहिलंच वाक्य ठेवा, बाकी काढलं तरी चालेल.” मग ठेवलं. खाली दोन खण, दोन दिवे, दोघींनी यायचं आणि एकमेकींसाठी मागायचं, एवढंच. व्याघ्रारूढ आणि जाज्वल्य आता भिंतीकडे तोंड करून आहेत.

कवचाचे तुकडे मोठ्या टोपल्यांत भरून पूर्णेवर नेले. प्रत्येक टोपली दोघींनी धरायची असं आपोआपच ठरलं. वाटेत डफडी, पुढे गुरव. त्यांनी त्या दिवशी नवं धोतर नेसलं होतं आणि चेहरा एकदम मोकळा. पाण्यात शेंदूर पसरला तसा काठाजवळचा पाण्याचा पट्टा कितीतरी वेळ केशरी दिसत होता. एवढ्या पिढ्यांचे नवस त्यात असतील, असा विचार मी करत होते, तेवढ्यात ताईंनी मला ओढलं, कारण माझा पाय गाळात रुतत चालला होता.

नवरात्रात मी नऊ दिवस गावातच राहिले. दोन बायांची देवी म्हणून बातमी पसरली होती, परतवाड्याकडून, अमरावतीहून गाड्या येत होत्या. कोणी हसलं नाही. अष्टमीला देवळामागे रोडग्यांचा स्वयंपाक होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे, मोठ्या पितळी गंजात वांग्याची भाजी. ताई तिथं सेनापतीसारख्या उभ्या होत्या. माझ्या हाती चिमटा देऊन त्यांनी मला एका कोपऱ्यात बसवलं होतं.

दुपारी गुरवांनी मला हाक मारली. “मॅडम, जरा या. एक बाई एकट्याच आल्या.”

पाहते तर खाकी गणवेशातली एसटीची कंडक्टर. तिशीची असेल. खांद्याला चामड्याची बॅग, हातात दोन खण आणि दोन नारळ व्यवस्थित. बस टेकाडाखालच्या फाट्यावर थांबवून धावत आली होती.

“काकू, याल का माझ्यासंगं?” ती म्हणाली. “गाडीचा टाइम होऊन राहिला. ड्रायव्हर हॉर्न मारेल.”

मी चिमटा ठेवला, हात पुसले आणि तिच्याबरोबर आत गेले. ओटी भरून झाली.

“तुमच्यासाठी काय मागू?” मी हळूच विचारलं. मागितलेलं सांगायचं नसतं, पण आधी विचारायला बंदी नाही.

“डेपोत बदलीचा अर्ज दिला आहे. लेक माझी आईपाशी राहते, अचलपूरला. तिथली ड्यूटी मिळू दे.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आणि तुम्हाले?”

मी विचार करायला लागले. काय सांगावं? तब्येत बरी आहे, पेन्शन येते, पोरं मार्गी लागली. फाट्यावर हॉर्न वाजला.

“तुम्ही राहू द्या, मीच पाहतो काय मागाचं ते,” ती म्हणाली आणि डोळे मिटले. मीही मिटले आणि अचलपूरची ड्यूटी मागितली, नीट, डेपोसकट. डोळे उघडले तर ती उंबरठ्यावर पोचली होती. बॅग छातीशी धरून पायऱ्या उतरून पळाली. पाठोपाठ मीही बाहेर आले. बस हलली होती, तिनं दांडा पकडून पायरीवर उडी मारली आणि वळून मला हात केला.

“मागितलं बरं का, काकू!” ती ओरडली आणि दोन वेळा घंटी मारली.

“अवं, रोडगे जयून राहिले!” मागून ताईंचा आवाज आला. मी चिमटा उचलायला धावले.